मेसेज ‘वाचायचा’ की ‘लावायचा’?

प्रश्न असा आलाय की हातात काम चालू असताना तुटक अक्षरांचे मेसेज वाचायला डोक्याला जी मेहनत पडते तिला मराठीत शब्द आहे का. आहे की, अगदी घरातला आहे, ‘लावणं’. आपण म्हणतो बघा, डॉक्टरांचं अक्षर मला लागत नाही, किंवा पहिलीतलं पोरगं लावून लावून वाचतं, म्हणजे शब्द बघितल्या बघितल्या ओळखू येत नाही, एकेक अक्षर जुळवत अर्थापर्यंत जावं लागतं.

परवाचंच सांगतो. सोलापुरात आमचं चादरीचं दुकान, मी थप्पी मोजत होतो, सदतीसवर आलो आणि गिऱ्हाइकाचा मेसेज आला, ‘डबल १२ सिं ८ आ नको उ पा’. आता आज नको उद्या पाठवा, का आणखी नको उरलेल्या पाठवा? दोन्ही मनात म्हणून बघितलं तोवर सदतीस गेलं, परत पहिल्यापासून मोजणी. चादरींच्या घड्या घालताना असं होत नाही हे मी नीट बघितलंय, कारण घडी हातानं पडते, पण मोजणं आणि अक्षरं लावणं दोन्ही मनातल्या मनात बोलूनच होतं, आणि ते बोलणं एका वेळी एकच चालतं.

कुणी म्हणेल जुन्या पत्रांत पण ‘सा. न. वि. वि.’ होतंच की. होतं, पण ते ठरलेलं होतं, त्याची फोड करत कुणी बसायचं नाही. नुसतं ‘ता.’ घ्या, पत्राच्या वर तारीख, पत्त्यात तालुका, सहीखाली ‘ता. क.’ मध्ये ताजा, एकच अक्षर तीन अर्थ आणि तरी कुणाचा गोंधळ नाही कारण प्रत्येकाची जागा पक्की, मला तर हे फार सुंदर वाटतं. मेसेजमधलं ‘उ’ मात्र ज्याचं त्याचं. एसएमएसला देवनागरीत ७०च अक्षरं बसायची, रोमनमध्ये १६०, तेव्हा काटकसर समजू शकतो, व्हॉट्सॲपवर कशाला?

वापरताना एक सांभाळा, ‘मेसेज लागला नाही’ म्हणू नका, फोन लागला नाही तसं ऐकू येतं आणि समोरचा तोच मेसेज परत पाठवतो. ‘मेसेजचा अर्थ लागेना’ म्हणा. मी तसंच विचारलं, तर उद्याच पाहिजे होत्या.