माळ्यावरचा कॉम्प्युटर

प्रश्न : वडिलांचा डीटीपीचा धंदा होता. ते गेल्यापासून त्यांचा २००८ सालचा कॉम्प्युटर माळ्यावर पडून आहे. भंगारवाला चारशे रुपये म्हणतो. त्यातलं काही काढून वापरता येईल का? मुलाच्या नव्या कॉम्प्युटरला जुनी रॅम चालेल का?
– स. कु., मिरज

उत्तर : रॅम चालणार नाही, हे आधीच सांगतो. त्या सालच्या मशीनमध्ये बहुधा डीडीआर-२ असते, नव्यात डीडीआर-४ नाहीतर ५. पट्टीवरची खाच मुद्दामच वेगळ्या जागी ठेवलेली असते. एका गिऱ्हाइकाने ती जोर लावून बसवली आणि स्लॉट फोडून मशीन माझ्या टेबलावर आणलं. प्रोसेसर आणि मदरबोर्डचाही नाद सोडा.

हार्ड डिस्क मात्र काढून घ्या, वडिलांच्या फायली तिच्यातच असतील. वायर एल आकाराच्या चपट्या खाचेत जात असेल तर ती डिस्क साटा जातीची. ४० पिनांची रुंद पट्टी असेल तर आयडीई. नव्या मशीनला जोडायला त्याप्रमाणे यूएसबी कन्व्हर्टर मागा, पण स्वतःचा ॲडाप्टर असलेलाच. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून पाचच येतात. लॅपटॉपच्या डिस्कची नुसती केबल आणलीत तर डिस्क फिरणार नाही, आणि ती मेली असं समजून तुम्ही फेकून द्याल. असं झालेलं मी पाहिलंय.

वडिलांच्या मराठी फायली उघडल्यावर अक्षरांऐवजी इंग्रजी खुणांचा गिचमिडा दिसेल. घाबरू नका. तेव्हाचे बरेच फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत, वापरणारे नव्हते. म्हणून फायलींबरोबर विंडोजमधलं फॉन्ट्सचं फोल्डरही उतरवून घ्या. कॅबिनेटच्या मागे एखादं पेनड्राइव्हसारखं बोंडुक लावलेलं असेल तर ते त्या सॉफ्टवेअरचं कुलूप असू शकतं, तेही जपा. डिस्क म्हातारी आहे, तेव्हा कॉपी दोन ठिकाणी करा.

दुसरी कामाची वस्तू एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा. पिवळी वायर १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळी ग्राउंड. मोठ्या कनेक्टरची हिरवी वायर काळीला जोडली की तो मदरबोर्डशिवाय सुरू होतो. माझ्या सोल्डरिंगच्या टेबलावरचा धूर ओढणारा पंखा अशाच एका डब्यावर चालतो, आणि पंखाही जुन्या कॅबिनेटचाच. फक्त डबा उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकतात. उमेदवारीच्या दिवसांत मी घाईने हात घातला होता. दुपारपर्यंत बोटं बधिर. मुलाच्या नव्या मशीनला हा एसएमपीएस लावायचा मोह टाळा.

स्क्रू डबीत ठेवा. हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे, डीव्हीडी ड्राइव्हचे बारीक; एकमेकांच्या जागी पिळलेत तर आटे जातात.

जाड पाठीचा काचेचा मॉनिटर असेल तर तो न खोलता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. उरलेलं कॅबिनेट खुशाल भंगारात जाऊ द्या. डिस्क काढलेली बघून भंगारवाला चारशेचे अडीचशे करील. करू द्या.