गाईच्या गळ्यातलं पेटंट

प्रश्न : आमच्या गावाला लागून टिपेश्वरचं जंगल आहे. संध्याकाळी आखरावर गाय आली नाही की रातभर बॅटरी घेऊन फिरावं लागते. म्हणून मी जीपीएसचा पट्टा बनवला. चार्जिंग दोन दिवसांत संपायची. मग गळ्यातल्या लाकडी घंटेच्या आत लोंबणाऱ्या लोळीला चुंबक लावलं आणि आत चुंबक जवळ आलं की जुळणारा रीड स्विच बसवला. घंटा वीस मिनिटं हलली नाही, की पट्टा एकदा जागा घेते, मेसेज टाकते अन् घंटा पुन्हा वाजेपर्यंत झोपते. आता एक चार्जिंग पंधरा दिवस पुरते. ‘जीपीएस पट्टा’ म्हणून पेटंट मिळेल का? येत्या कृषी प्रदर्शनात मांडू का?
– एक कास्तकार, ता. केळापूर, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, आधी अर्ज, मग स्टॉल. हे मी स्वतः पोळून शिकलो. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीचं पाणी संपलं की मोटार बंद करणारा स्टार्टर मी बनवला, तो एका प्रदर्शनात मांडला, लोकांना आतलं सर्किटही उघडून दाखवलं. पेटंटचा अर्ज त्यानंतर केला. तपासणीचा अहवाल आला, त्यात नवेपणाला आक्षेप. पुरावा काय, तर माझ्याच स्टॉलवरचा, इंटरनेटवर गेलेला फोटो. उघडा डबा, मागे मी हसतोय, खाली तारीख. केंद्र सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनाला बारा महिन्यांची सूट असते. आपल्या तालुक्याच्या मंडपाला ती कुठून असणार?

आता नावाचं. ‘जीपीएस पट्टा’ म्हणून जाल तर हात हलवत परत याल. गुरांच्या गळ्यातले जीपीएस पट्टे जगात केव्हाच आले आहेत. शिवाय ओळखीच्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत राहिली, तर पेटंट कायद्याचं कलम 3(एफ) तो शोध मानत नाही. तुमच्याकडे मात्र घंटा जीपीएसला झोपवते आणि उठवते. पत्रात जे तुम्ही चार्जिंगची अडचण म्हणून उरकलंत, तेच मागण्यासारखं आहे. लोळी किती लांब, चुंबक स्विचपासून किती अंतरावर, वीस मिनिटंच का, सगळं आकृतीसह लिहा. असं कुणी आधी केलंय का, ते पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आणि गुगल पेटंट्सवर फुकट शोधता येतं. दोन रात्री द्या त्याला.

मग तात्पुरता अर्ज टाका. स्वतःच्या नावानं, ऑनलाइन, 1600 रुपये. तिथून बारा महिन्यांत पूर्ण तपशील द्यायचा. तपासणीची मागणी वेगळी, तिचे 4000, आणि ती पहिल्या अर्जापासून 31 महिन्यांच्या आत करायची. विसरलात तर अर्ज मागे घेतला असं धरतात. मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं, पण तिसऱ्या वर्षापासूनची दरवर्षीची फी भरत राहिलात तरच. आपला अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातो. अर्जाची पावती हाती आली की प्रदर्शनात खुशाल जा, फक्त अर्जात लिहिलंय तेवढंच दाखवा.

एक शंका माझीही. जीपीएस उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा काढतं. ती तुम्हाला कळवायला टॉवर लागतो. जंगलात रेंज नसेल तर काय करता? जागा साठवून पुढे रेंज आली की पाठवणं सोपं, पण वाघानं मारलेली गाय चालत रेंजमध्ये येणार नाही, आणि पंचनाम्याला जागा नेमकी तेव्हाच हवी असते. ‘लोरा’ रेडिओ बघा, तो कमी विजेत छोटे मेसेज लांबवर पाठवतो. 865 ते 867 मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही. गावात पाण्याच्या टाकीवर एक रिसीव्हर चढवावा लागेल. ते जमलं तर तेही त्याच बारा महिन्यांत तपशिलात घाला, आणि तोवर त्याबद्दल कुणाला बोलू नका.

प्रश्न : तुरीचे शेंडे खुडायची माझी वेगळी पद्धत आहे. तिचं पेटंट होईल का?
– एक वाचक भगिनी, ता. घाटंजी

उत्तर : नाही ताई. शेतीची पद्धत कलम 3(एच) नं पेटंटबाहेर ठेवली आहे. खुडायला एखादं अवजार बनवलं असेल तर मोजमापं पाठवा. फोटो नको, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच नको.