'बाबा, काहून आलो मी इथं?'

प्रश्न: मुलाला दहावीत 97 टक्के, बारावीत गणितात 99. जुलैत एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत), खडकवासल्याला गेला. पहिलीच टर्म आहे. रविवारी फोनवर रडतो, 'बाबा, काहून आलो मी इथं?' म्हणतो. परत आणू की दटावू? डिसेंबरात तो सुट्टीत आला की कॉलनीत सत्कार ठरला आहे.
– एक वडील, मानेवाडा, नागपूर

नमस्कार भाऊ,

आणूही नका, दटावूही नका. निदान डिसेंबरपर्यंत.

तुमच्या पत्रात टक्के आले, पण पोरगा नेमका कशानं रडतो ते कुठंच नाही. तेच आधी काढायचं आहे.

लेखी परीक्षा 900 गुणांची: गणित 300, सामान्य क्षमता 600. एसएसबीचे, म्हणजे त्यानंतरच्या निवड मंडळाच्या मुलाखतीचे, आणखी 900. तो यातून निवडला गेला, म्हणजे कुवतीची शंका नको. पण तिथं शेजारच्या खोलीतलाही त्याच्या शाळेत पहिलाच होता. पहाटे पीटी, मग ड्रिल, मग वर्ग, संध्याकाळी मैदान, मधल्या वेळात रगडा, म्हणजे शिक्षा म्हणून करून घेतलेली अंगमेहनत. वर्गात बसलं की डोळे मिटतात आणि ज्या गणिताच्या जोरावर इथवर आला त्यातच गुण घसरतात. माझ्या अनुभवात हुशार पोरं रगड्यापेक्षा यानं जास्त खचतात. साधारण पोराला मागं पडायची सवय असते. तुमच्या पोराला ती कोणी लावलीच नाही. रागावू नका, आपण सगळेच असं करतो.

पोहण्याचंच बघा. तिथं ते सक्तीचं आहे. आपली नागपूरची पोरं फुटाळा, अंबाझरी काठावरून पाहत मोठी होतात. कोकणातला 70 टक्केवाला पाण्यात माशासारखा जातो आणि आपला 97 वाला न येणाऱ्यांच्या रांगेत कुडकुडत उभा राहतो. ही लाज तो फोनवर सांगणार नाही. 'मला जमत नाही' एवढंच म्हणेल.

दुसरी भीती रेलिगेशनची. चाचण्या राहिल्या की तीच टर्म पुन्हा करावी लागते, सहा महिने मागं. कधी नापास न झालेल्याला त्यापेक्षा घरी येणं सोपं वाटतं. पण मागं पडूनही पुढं अधिकारी झालेले आहेत. सोबतची बॅच पुढं जाते, एवढाच तोटा.

दुखापत मात्र वेगळी गोष्ट. पाय दुखतो का, नडगीत कळ येते का, हे सरळ विचारा. ट्रेनिंग बुडेल म्हणून पोरं लपवतात आणि हाडातली बारीक चीर मोठी होते. दुखत असेल तर आजच एमआय रूममध्ये, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, जा म्हणावं. प्रशिक्षणात जायबंदी होऊन बाहेर पडलेल्या कॅडेट्सचं पुढं काय होतं, याची सुप्रीम कोर्टानं 2025 मध्ये स्वतःहून दखल घेतली. थट्टेचा विषय नाही तो. तसंच झोप पार उडाली असेल, जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल, तर रविवारची वाट न पाहता त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या डिव्हिजनल ऑफिसरला फोन लावा.

सोडायचंच ठरलं तर दोन गोष्टी माहीत असू द्या. स्वतःहून बाहेर पडल्यास प्रशिक्षणाचा खर्च पालकांकडून वसूल होऊ शकतो, तुम्ही तसं लिहून दिलेलं आहे. आणि राजीनामा देणाऱ्याला पुन्हा एनडीए किंवा सीडीएसचा (पदवीनंतरच्या सैन्यभरती परीक्षेचा) फॉर्म भरता येत नाही. 'आता येतो, पदवीनंतर बघू' हा रस्ता बंद होतो. पैशांचं मात्र त्याच्यापुढं काढू नका. कर्जाच्या ओझ्यानं कोणी टिकू नये.

येत्या रविवारी एकच विचारा: 'उद्या पोहणं आलं, पाय बरा झाला, गुण सुधारले, तरी यायचं आहे का?' 'नाही, मग थांबतो' म्हणाला तर त्याला वेळ हवा आहे. 'तरी यायचं आहे' म्हणाला तर वर्दी कोणाला हवी होती, त्याला की तुम्हाला, हे आधी घरात बोलून घ्या. मग त्याचं ऐका. बारावीचे गुण कुठं जात नाहीत, इंजिनिअरिंगची दारं पुढच्या वर्षीही उघडतील.

आणि तो सत्कार रद्द करा. कॉलनीवाल्यांना सांगा, पोरगा झोपायला येतोय.