वाचकांचे प्रश्न : न दिसलेल्या ग्रहांचा शोध

प्रश्न : इतर ताऱ्यांभोवती हजारो ग्रह सापडल्याचे आपण वाचतो. ग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो आणि तारा तर मोठ्या दुर्बिणीतूनही ठिपक्याएवढाच दिसतो. मग त्या ठिपक्याशेजारचा ग्रह शास्त्रज्ञांना दिसतो तरी कसा? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. खरे सांगायचे तर यांपैकी बहुतेक ग्रह आजवर कोणालाही दिसलेले नाहीत. दृश्य प्रकाशात सूर्य गुरूच्या सुमारे १०० कोटी पट तेजस्वी आहे, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला त्या झगमगाटात गुरू वेगळा काढता येणे जवळजवळ अशक्यच. म्हणून शास्त्रज्ञ ग्रहाचा नाद सोडून ताऱ्यावरच नजर ठेवतात.

अंधाऱ्या अंगणात एक थोराड बाई आणि एक लहान मुलगी फुगडी घालत आहेत आणि आपल्याला फक्त बाईच दिसते आहे, अशी कल्पना करा. मुलगी दिसत नसली तरी बाई जागच्या जागी लहानसे वर्तुळ घेत राहते, आणि त्यावरून तिचे हात कोणीतरी धरले आहेत हे कळते. ग्रहाच्या गुरुत्वाच्या ओढीने तारा असाच डोलत असताना आधी आपल्याकडे येतो, मग दूर जातो, आणि त्यानुसार त्याच्या वर्णपटातील (प्रकाश फाकवून मिळणाऱ्या रंगपट्ट्यातील) काळ्या रेषा निळ्या व तांबड्या बाजूला आळीपाळीने सरकतात. मिशेल मायोर आणि दिदिए केलो या स्विस खगोलशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून ५१ पेगासी या ताऱ्याचा असा झोका मोजला. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५५ मीटर भरला, म्हणजे त्या रेषा आपल्या जागेपासून साधारण ५५ लाखांत एका भागाने हलत होत्या. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला तो पहिला ग्रह, आणि त्याबद्दल २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा निम्मा वाटा या दोघांना विभागून मिळाला. पूर्वाभाद्रपदेच्या दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्याजवळ, किंचित पश्चिमेला हा तारा आहे. गावाबाहेरच्या गडद अंधारात तीक्ष्ण नजरेला तो जेमतेम दिसतो. तुलनेसाठी सांगतो : गुरू सूर्याला सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर वेगाने हलवतो, तर आपली पृथ्वी अवघ्या नऊ सेंटिमीटरने, म्हणजे रांगत्या बाळाहूनही हळू. पृथ्वीसारखे ग्रह या रीतीने शोधणे अजूनही इतके जड का जाते, ते यावरून लक्षात येईल.

दुसरी रीत अधिक्रमणाची. ८ जून २००४ रोजी शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकताना अनेकांनी सुरक्षित चष्म्यातून पाहिला असेल. ताऱ्याचे बिंब दिसत नसले तरी असा ठिपका आड आला की ताऱ्याचा उजेड तेवढ्यापुरता उतरतो. गुरूचा व्यास सूर्याच्या एक दशांश आहे, म्हणून दूरच्या निरीक्षकाला सूर्य एक टक्क्याने मंद वाटेल. पृथ्वीमुळे मात्र ही घट दहा हजारांत एका भागाहूनही कमी. हे काम जमिनीवरून होण्यासारखे नसल्याने २००९ मध्ये केप्लर दुर्बीण अवकाशात गेली. तिने हंस आणि स्वरमंडल या तारकासमूहांच्या दिशेला सुमारे दीड लाख तारे एकटक न्याहाळले आणि तिच्या नोंदींतून २,६०० हून अधिक ग्रह हाती आले. डोलण्यावरून वस्तुमान आणि अधिक्रमणावरून आकार कळतो, तेव्हा दोन्ही जुळले की घनता काढता येते. एचडी २०९४५८ या ताऱ्याच्या ग्रहाबाबत १९९९ मध्ये हे पहिल्यांदा साधले आणि त्याची घनता पाण्याहूनही कमी निघाली.

प्रश्न : ग्रह धुळीपासून बनतात असे आमच्या पुस्तकात आहे. धुळीचा ग्रह होतो कसा? (अकरावीतील विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : कपाटाखाली साचलेल्या धुळीचे गोंडे तू पाहिले असशील. सुरुवात साधारण तशीच होते. नवजात ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची चपटी तबकडी फिरत असते, तिच्यातील सूक्ष्म कण हळुवार आदळून एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे खडे होतात. खरी पंचाईत पुढे आहे. वायूला आतल्या दाबाचा आधार असल्यामुळे तो घन वस्तूंपेक्षा जरा सावकाश फिरतो. मीटरभर आकाराच्या धोंड्याला त्यामुळे सतत समोरचा वारा लागतो, त्याचा वेग खुंटतो आणि काही शतकांतच तो ताऱ्यात जाऊन पडू शकतो. मला हा भाग सगळ्यांत रंजक वाटतो, कारण या हिशेबाने ग्रह बनायलाच नकोत. आज बहुतेक अभ्यासकांना पटलेला मार्ग असा, की टोलनाक्याअलीकडे गाड्या तुंबतात तसे खडे घोळक्याने साचतात, घोळका पुरेसा दाट झाला की स्वतःच्या गुरुत्वाने कोसळतो आणि त्यातून एकदम कित्येक किलोमीटरचे पिंड तयार होतात. असे पिंड एकमेकांवर आदळून पृथ्वी झाली. सूर्यापासून दूर, हिमरेषेपलीकडे, म्हणजे पाणी गोठून राहण्याइतक्या थंड भागात, बर्फाचीही भर पडल्याने गाभे मोठे झाले, त्यांनी वायू ओढून घेतला आणि गुरू-शनी घडले.

हे घडत असलेले पाहताही आले आहे. रोहिणीजवळच्या एचएल टॉरी या ताऱ्याचे चित्र २०१४ मध्ये चिलीच्या अटाकामा वाळवंटातील आल्मा दुर्बिणींनी टिपले. त्यात तबकडीवर एकाआड एक गडद-उजळ कडी दिसतात. तारा दहा लाख वर्षांचाही नसेल. एवढ्या लवकर अशी कडी कोणालाच अपेक्षित नव्हती. ही कडी ग्रहांनीच कोरली का, यावर वाद आहे. पीडीएस ७० या ताऱ्याच्या तबकडीतील पोकळीत मात्र वाढत असलेले दोन ग्रह प्रत्यक्ष टिपले गेले आहेत.

वर सांगितलेला ५१ पेगासीचा ग्रह या सगळ्याला छेद देतो. गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा हा वायुगोल ताऱ्याभोवती सव्वाचार दिवसांत फेरी मारतो, तिथे बर्फ टिकणार कुठून? तो दूरवर घडून मग आत आला असावा, तबकडीतील वायूने ढकलल्यामुळे किंवा दुसऱ्या एखाद्या ग्रहाने फेकल्यामुळे. असे काही ग्रह ताऱ्याच्या स्वतःभोवती फिरण्याच्या उलट दिशेने प्रदक्षिणा घालतात. त्यांच्या बाबतीत मला या दोहोंपैकी दुसरे कारण, म्हणजे दुसऱ्या ग्रहाने फेकल्याचे, अधिक पटते.

प्रश्न : भारतातून असा ग्रह सापडला आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : होय. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूच्या गुरुशिखरावरील वेधशाळेतून पृथ्वीच्या सुमारे २७ पट वस्तुमानाच्या एका ग्रहाची २०१८ मध्ये नोंद केली. शिवाय २०१९ मध्ये एचडी ८६०८१ या ताऱ्याला भारतातर्फे ‘बिभा’ हे नाव मिळाले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ. या ताऱ्याच्या ग्रहाचे नाव ‘संतमस’, आणि तोही दोन दिवसांहून थोड्या अधिक काळात प्रदक्षिणा संपवणारा असाच तापलेला वायुगोल आहे.