माझी मुलगी ७ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. सारखी भांडतात. भांडण शांतपणे आणि न्यायाने मिटवायला त्यांना कसं शिकवायचं?

प्रश्नाखाली तुम्ही जी ओळ लिहिलीये ना, "मुलगी समजूतदार आहे, ती सोडून देते, त्रास धाकट्याचाच आहे", ती वाचली आणि गॅस बंद करून लिहायला बसले. कणीक तशीच झाकून ठेवलीये. त्रास धाकट्याचा नाहीये हो.

मी पण मोठी. मी पण समजूतदार. म्हणजे घरात सगळे तसं म्हणायचे, आणि पोरीवर हा शिक्का एकदा बसला की मग तिला काही मागायची सोयच राहत नाही, कारण मागितलं की लगेच "अगं, तू सुद्धा?"

१९९१ ची संक्रांत. आम्ही तेव्हा जुन्या नाशकात वाड्यात भाड्याने राहायचो, वर पत्रे आणि मधे एवढीशी गच्ची. संक्रांतीला नाशकात घरात कोणी थांबत नाही हे नाशिककरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच की तुम्ही ज्याला फिरकी म्हणता त्याला आमच्याकडे आसारी म्हणतात, लाकडी काड्यांची असते. तर पप्पांनी भद्रकालीतून आसारी आणली, दोघांत एक. मी दहा वर्षांची, भाऊ सहाचा, आणि आसारी एक, म्हणजे भांडणाची सोय पप्पांनीच करून ठेवली होती, पण ते कोणी बोलत नाही.

सकाळी पतंग मी चढवला. मांजाने बोट कापलं होतं, त्यावर चिकटपट्टी लावून परत चढवला आणि तो इतका लांब गेला की शेपूट दिसेना. एक पेच पण काटला. तेवढ्यात भावाने भोकाड पसरलं. खालून आजी, "अगं दे त्याला, तू मोठी ना, शहाणी ना माझी बाई ती?" आणि स्वयंपाकघरातून आई, "पाहुणे यायचेत, आज तमाशे नकोत." झालं. दोर त्याच्या हातात, आसारी माझ्या. पाच मिनिटांत त्याने माझा पतंग कटवला. मग दुसरा. मग तिसरा. मी दिवसभर आसारी धरून उभी, तो ओरडला "ढील" की ढील, "गुंडाळ" की गुंडाळ. संध्याकाळी तिळगूळ घ्यायला आलेल्या प्रत्येकाला आजी सांगत होती की आज पोरं किती गुण्यागोविंदाने खेळली.

आता यात शांतता होती की नाही? होती. तुम्ही प्रश्नात "शांतपणे" आणि "न्यायाने" एका दमात लिहिलंय, म्हणून सांगते. मोठ्या माणसांना पहिलं हवं असतं, तेही पाहुणे यायच्या आत, आणि ते मिळालं की दुसऱ्याची चौकशी कोणी करत नाही.

यातला खरा राग पुढचा आहे. भाऊ आजही चार माणसांत सांगतो, "ताईने स्वतःहून दोर दिला मला." स्वतःहून! आणि सगळे माझ्याकडे कौतुकाने बघतात, मग मी परत समजूतदार.

आता माझी लाज पण सांगते. मी प्राथमिकची शिक्षिका आहे, १४ वर्षं झाली, वर्गातली भांडणं रोज मिटवते. घरी दोन मुलगे, नऊ आणि पाच. एके दिवशी कुकर लावत होते, बाहेर सायकलवरून राडा, आणि माझ्या तोंडून आजी बोलली, "दे रे त्याला, तू मोठा ना." मोठा रडला नाही, हिशोब करत बसला. म्हणाला, "तो नऊचा होईल तेव्हा मी तेराचा असणार. तेव्हापण मीच द्यायची का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीचा गाळ झाला.

तेव्हापासून मी निकाल देणं बंद केलं. पोरांकडे स्वतःचं कोर्ट असतं हो. दहा-वीस-तीस करून सुटतात, राज्य कोणावर ते ठरतं, धाप लागली की टाईमप्लीज, आणि खूपच लहान असेल तर तो कच्चा लिंबू, खेळतो पण आऊट होत नाही. कच्चा लिंबू ही काय भारी सोय आहे बघा, लहानाला सूट मिळते पण त्यासाठी मोठ्याची पाळी हिसकावत नाही कोणी. हे कुठल्या पालकाने शिकवलं? आमच्या गल्लीत मोठं माणूस खेळात पडायचंच नाही म्हणून ते टिकलं, आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रत्येक पोरामागे एक आई गॅलरीतून लोंबकळत असते (मी पण). आणि ते "सॉरी म्हण, शेकहँड कर" तर अजिबात करायला लावू नका, मुलं त्यात फक्त लवकर सॉरी म्हणायला शिकतात.

खायच्या वस्तूला आमच्याकडे एकच नियम, एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं. जुनाच आहे, पण करून बघा. गेल्या संक्रांतीला एकच गुळपोळी उरली तर मोठ्याने कंपासमधली पट्टी आणून बरोब्बर मधून कापली, मग तोंड पाडून बसला कारण गूळ सगळा एका बाजूला सरकलेला आणि धाकट्याने अर्थात तीच बाजू उचलली. पुढच्या वेळी कापायच्या आधी पोळी उजेडाला धरून गूळ कुठे आहे ते बघत होता. मी एक शब्द बोलले नव्हते.

चार वर्षांच्याकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. डी.एड.ला आम्हाला जाँ पियाजे नावाचा मानसशास्त्रज्ञ होता, तो स्वित्झर्लंडमध्ये गोट्या खेळणाऱ्या पोरांना विचारत बसायचा की हे नियम आले कुठून, बदलता येतील का. त्याला दिसलं ते असं की लहानांना नियम म्हणजे मोठ्यांनी घालून दिलेली, न बदलणारी गोष्ट वाटते, आपसात ठरवून बदलता येतो हे दहाच्या आसपास कळायला लागतं. आणि त्याचं म्हणणं, लहान मूल नुकसान किती झालं ते बघतं, मुद्दाम केलं की चुकून ते नाही. चुकून १५ कप फोडणारा त्या मुलाला, चोरून खाऊ घेताना एकच कप फोडणाऱ्यापेक्षा वाईट वाटतो. म्हणून तुमचा धाकटा "तिने माझा टॉवर पाडला" एवढंच धरून बसत असेल, तिचा धक्का चुकून लागला हे ऐकत नसेल, तर तो हट्टी नाही, चारचा आहे. त्याला छोटं आणि डोळ्यांना दिसणारं काहीतरी द्या, म्हणजे हे गाणं संपेपर्यंत तुझं, मग तिचं. आणि गाणं संपलं की खरंच तिला द्या, तो कितीही लोळला तरी. तुमच्या घरात गाडी इथेच अडत असणार.

हां, चावणं, ढकलणं, डोक्यात काही घालणं सुरू झालं तर हे कोर्ट वगैरे काही नाही, आधी दोघांना वेगळं करा, बोलणं नंतर. आणि एक जण कायमच दुसऱ्याला घाबरून सोडत असेल तर "त्यांचं त्यांना मिटवू दे" म्हणून लांब उभं राहू नका. हे आधी लिहायला हवं होतं.

मुलीला आज एकदा विचारा, तू सोडून देतेस ते तुला चालतं का. तो समोर नसताना विचारा. लगेच "हो" म्हणाली तर दोन दिवसांनी परत विचारा.

हे लिहिता लिहिता राहवलं नाही म्हणून आईला फोन लावला. म्हटलं खरं सांग, त्या संक्रांतीला दोर मी दिला होता का तुम्ही द्यायला लावला होता? ती म्हणाली, "कुठला दोर गं?"