जमिनीचा मालक आणि तेलाचा पट्टेदार : टेक्सासमध्ये कामाला लागणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पश्चिम टेक्सासमधील एका तेल कंपनीच्या जमीन विभागात तू रुजू होत आहेस, हे वाचून फार आनंद झाला. लीजची, म्हणजे तेल काढण्याच्या भाडेपट्ट्याची, बोलणी करणाऱ्याने जे सर्वांत आधी ध्यानात घ्यायला हवे, तेवढेच आज लिहितो. टेक्सासचा कायदा पट्टेदाराच्या, म्हणजे लीज घेणाऱ्या कंपनीच्या, बाजूला झुकलेला आहे, आणि म्हणूनच शेतमालकाशी न्यायाने वागण्याची जबाबदारी रिग (विहीर खोदणारे यंत्र) शेतात येण्याच्या आधी, कागद तयार करणाऱ्या तुझ्यावर येते.

आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव असले तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार खनिजांचा हक्क राज्य शासनाकडे असतो. टेक्सासमध्ये मात्र तो खासगी मालकीचा असू शकतो, आणि कोणी शेत विकताना खनिजे स्वतःकडे राखली की वरच्या जमिनीचा मालक एक आणि खालच्या तेलाचा दुसरा, अशी स्थिती होते. लीजवर सही तेलाचा मालक करतो, बोनस (सहीच्या वेळची रक्कम) आणि रॉयल्टी (उत्पादनातला वाटा) त्यालाच मिळते. ज्याच्या कापसातून ट्रकचा रस्ता जाणार, तो शेतकरी त्या कागदात कुठेच नसतो. तरीही खनिजाचा हक्क वरचढ मानला जातो, कारण जमिनीवर जाताच आले नाही तर खालचे तेल असून नसल्यासारखे होईल. वाजवी गरजेपुरता वापर पट्टेदाराला मोबदल्याशिवाय करता येतो. हलगर्जीपणा झाला किंवा गरजेपेक्षा जास्त जागा वापरली, तरच भरपाईचा प्रश्न येतो. करारात लिहिलेले नसेल, तर काम संपल्यावर जमीन पूर्ववत करण्याचे बंधनही न्यायालये गृहीत धरत नाहीत.

या वरचढपणाला मर्यादा घातली ती १९७१ च्या ‘गेटी ऑइल विरुद्ध जोन्स’ या निकालाने, आणि तो तू मुळातून वाचावास असा माझा आग्रह आहे. गेन्स काउंटीतील जोन्स यांनी १९६३ मध्ये शेतात आपोआप फिरणारी तुषार सिंचन यंत्रणा बसवली होती आणि तिच्याखालून जेमतेम ७ फूट उंचीची वस्तू जाऊ शकत होती. पुढे गेटी कंपनीने तिथे १७ आणि ३४ फूट उंचीचे पंप उभे केले आणि सिंचन अडले. त्याच परिसरात इतर कंपन्यांनी पंप जमिनीखालच्या खड्ड्यात बसवले होते. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जमीनमालकाचा वापर आधीपासून चालू असेल, पट्टेदाराच्या कामाने तो अशक्य होत असेल आणि त्याच जागेवर तेल काढण्याचा दुसरा वाजवी, प्रचलित मार्ग उपलब्ध असेल, तर पट्टेदाराने तो मार्ग घेतला पाहिजे. यालाच अकॉमोडेशन डॉक्ट्रिन, म्हणजे दुसऱ्याचा वापर सांभाळून घेण्याचे तत्त्व, म्हणतात.

मात्र या तत्त्वाचा आधार मालकाला वाटतो तितका भक्कम नाही, कारण पुराव्याचा भार त्याच्यावरच असतो. २०१३ च्या ‘मेरिमन विरुद्ध एक्स्टीओ’ खटल्यात ४० एकरांवर गुरे वेगळी करण्यासाठी कुंपणे उभारणाऱ्या मालकाच्या जागेत वायूची विहीर आली. गैरसोय आणि वाढलेला खर्च त्याने दाखवला, पण गुरांच्या त्या कामासाठी आपल्यापुढे दुसरा वाजवी पर्यायच नाही हे त्याला सिद्ध करता आले नाही, आणि तो हरला. असा निकाल हाती असताना कंपनीतले कोणी तुला म्हणेल की मालकाशी बोलायची गरजच काय. कायद्याच्या दृष्टीने ते चूक नसेल, पण त्या घरासमोरून पुढची वीस-तीस वर्षे आपल्याच माणसांना ये-जा करायची असते.

पाण्याच्या बाबतीत विशेष सावध राहा. १९७२ च्या ‘सन ऑइल विरुद्ध व्हिटेकर’ निकालाने शेतकऱ्याच्या शेतातले ओगालाला या भूजलसाठ्यातले पाणी जमिनीखालचे तेल विहिरीकडे ढकलण्यासाठी वापरण्याची मुभा पट्टेदाराला दिली. पुढच्याच वर्षी ‘रॉबिन्सन’ निकालात मात्र, एका जमिनीवरचे खारे पाणी लीजबाहेरच्या जमिनींसाठी वापरले तर मालकाला मोबदला द्यावा लागेल, असे ठरले. आज आडव्या विहिरी मैलभर शेजारच्या लीजखाली जातात, तेव्हा हा भेद रोजच्या कामात येतो.

म्हणून लीज वेगळी आणि जमीन-वापराचा करार वेगळा कर, आणि तो थेट पृष्ठभागाच्या मालकाशी कर. त्यासाठी आधी शेतावर जा आणि पेरणी कधी होते, पाणी कोणत्या बाजूने फिरते, गुरे कोणत्या फाटकातून जातात हे त्यालाच विचार. पॅडची (विहिरीसाठी सपाट केलेल्या आवाराची) जागा आणि रस्ता नकाशावर आखून करारास जोड. घरापासूनचे अंतर, वरची माती वेगळी साठवणे, पाण्याचा दर, पंपाभोवतीचे कुंपण आणि विहीर बंद झाल्यावर पसरलेली खडी उचलण्याची मुदत हे सारे आकड्यांत लिही. लीज पुढे दुसऱ्या कंपनीने घेतली तरी अटी तिला बंधनकारक राहतील, हे कलम विसरू नकोस. माझ्या अनुभवात सर्वांत कडवट भांडणे तिथूनच निघतात.

इतर राज्यांचे कायदेही वाच. नॉर्थ डकोटाने १९७९ मध्ये आणि ओक्लाहोमाने १९८२ मध्ये जमिनीच्या नुकसानीसाठी स्वतंत्र कायदे केले. ओक्लाहोमात विहीर खोदण्याआधी बोलणी करावी लागतात आणि ती फिसकटल्यास न्यायालयामार्फत मूल्यांकनकार नेमले जातात. टेक्सासमध्ये असे काही नसले तरी भरपाईचे दर आणि बोलणीची पद्धत ठरवताना तो नमुना उपयोगी पडेल.

पहिल्या कराराचा मसुदा झाला की नकाशासह मला पाठव; पाण्याचे कलम मी सर्वांत आधी वाचेन.

तुझा हितचिंतक