मामा, किती फूट झालंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा ९ वर्षांचा, मावशीनं त्याला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा झेल्डाचा गेम दिलाय, डब्यावर १२ आकडा छापलाय, आणि सहा महिन्यांपूर्वी त्याचे आजोबा गेलेत. गेममध्ये पोराला त्रास होईल असं काही आहे का, की डबा कपाटात ठेवून द्यावा?

द्या खेळायला. फक्त पहिले तीन तास त्याच्या शेजारी बसा. का, ते पुढं सांगतो.

आधी त्या १२ चं. तो युरोपचा आकडा. याच गेमला अमेरिकेत १०+ मिळालंय. डबा कुठून आला त्यावर आकडा ठरतो, आत माल तोच. आमचा डबा दाजींच्या मित्रानं दुबईहून आणलेला. गेम २०१७ चा आहे, पण अजून जुना वाटत नाही. रक्त कुठंही नाही. राक्षस मेला की काळा धूर होऊन जातो. आपला गडी, म्हणजे लिंक, मेला तर पडतो आणि थोडं मागून परत सुरू. वाळवंटातल्या बायकांच्या गावात एक दारूचं दुकान आहे, तिथं लिंकला लहान म्हणून पाजत नाहीत, संपला विषय. अनोळखी माणसांशी चॅट नाही, मधेच पैसे मागणारं काही नाही. पोरं फोनवर ज्या गेम खेळतात त्यांच्या मानानं हे देवळातलं कीर्तन आहे.

भीती वाटण्यासारखं आहे ते असं. गार्डियन नावाची कोळ्यासारखी यंत्रं आहेत. ती दिसायच्या आधी पियानो धाडधाड वाजायला लागतो, अंगावर लाल ठिपका येतो आणि मग लेझरची झाप. मी चाळिशीला आलेला माणूस, पहिल्या वेळी माझ्या हातातला रिमोट उडाला होता. आवाज कमी करा, निम्मी भीती तिथंच जाते. रात्री जमिनीतून सांगाडे उठतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे लाकूड पेटवायचं आणि सकाळ होईपर्यंत शेकोटीला बसायचं, गेममध्ये तशी सोयच आहे. अधूनमधून मध्यरात्री चंद्र लाल होतो आणि मारलेले सगळे राक्षस परत उभे राहतात. माझ्या भाचीला याची भीती वाटली नाही, राग आला. "एवढं मारलं ते फुकट?" आणि रस्त्यात भेटणारे काही साधे वाटसरू बोलता बोलता वेष टाकून हल्ला करतात, त्यांना यीगा म्हणतात. हे मला स्वतःला जरा खटकलं, कारण तोवर पोरगी प्रत्येक वाटसरूशी थांबून बोलत होती. नंतर ती लांबूनच बघायला लागली.

एक मजा सांगतो. गेममध्ये १२० मठ आहेत, आणि प्रत्येकाच्या शेवटी एक साधू मांडी घालून बसलेला असतो. पार वाळलेला, हाडं-कातडं. आपण पोचलो की आशीर्वाद देतो आणि हिरवी धूळ होऊन विरून जातो. मी मनात म्हटलं, हे काय पोरीला झेपायचं नाही. आमची आई बाजूला शेंगा सोलत बसली होती. तिनं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, "समाधी लागलीय त्याला. काम झालं, गेला." झालं. भाचीनं आळंदीला ज्ञानेश्वरांची संजीवन समाधी बघितलेली आहे, तिच्या डोक्यात तो साधू तिथं जाऊन बसला आणि नंतरच्या प्रत्येक मठात ती हात जोडायला लागली. डब्यावर १२ लिहिणाऱ्याच्या डोक्यात हे येणं शक्य नाही.

तिचा घोडा एकदा गार्डियनच्या झापेत मेला, तेव्हा मात्र रडली. एका ठिकाणी घोड्यांचा देव आहे, तो घोडा परत देतो, हे मी तिला सांगितलं. तिनं विचारलं, म्हशींना असतो का असला देव? आई म्हणाली, "म्हसोबा असतो की." मी गप्प बसलो. तिच्या घरच्या दोन म्हशींतली एक २०१९ च्या पुरातनं परत आली नव्हती.

आता तुमच्या पोराचं. गेम सुरू होतो तेव्हा लिंक एका गुहेत जागा होतो, त्याला काही आठवत नाही. बाहेर आला की एक म्हातारा शेकोटीला सफरचंद भाजत बसलेला भेटतो. पांढरी दाढी, डोक्यावर टोपडं, हातात कंदील. सफरचंद उचललं तर ओरडतो आणि मग हसतो. पुढचे दोन-तीन तास हा म्हातारा जाईल तिथं भेटत राहतो. कधी झाडं तोडतोय, कधी डोंगराच्या टोकावर उभा आहे. स्वयंपाक कसा करायचा ते त्याच्याकडून कळतं, थंडीत घालायला गरम अंगरखाही मिळतो. पोरांना तो फार आवडतो. आणि मग एका पडक्या देवळात तो सांगतो की मी या राज्याचा राजा, राजकन्या झेल्डाचा बाप, मला मरून १०० वर्षं झाली. पॅराग्लायडर हातात देतो, पोरीला वाचव म्हणतो, आणि निळा होऊन विरघळतो. मग थेट गेमच्या अगदी शेवटी क्षणभर दिसतो, तोवर परत येत नाही. त्याची झोपडी मात्र तिथंच राहते, तिच्यात त्याची वही आहे. ती वाचता येते.

हा भाग टाळता येत नाही. बाकी गेममध्ये कुठंही पाठ फिरवून निघून जाता येतं, हे वगळून. तुमच्या घरात सहा महिन्यांपूर्वी जे झालंय ते बघता मला कोळ्याची काळजी नाही, या म्हाताऱ्याची आहे. आधी एकदा तुम्ही स्वतः तिथवर खेळा. मग तो खेळताना शेजारी बसा. इंग्रजी वाक्यं तुम्हीच वाचून सांगणार असाल, तर म्हातारा गेला की 'चल पुढं' असं लगेच म्हणू नका. कदाचित त्याला काहीच वाटणार नाही. कदाचित त्याला त्या झोपडीत परत जायचं असेल. जाऊ दे.

तुम्ही म्हणाल हा माणूस एवढं ठामपणे कसं सांगतोय. माझी चूक झालेली आहे म्हणून.

माझी बहीण चिखलीत दिली आहे, कोल्हापूरजवळची प्रयाग चिखली, जिथं नद्या एकत्र येतात ती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये भाची पाच वर्षांची होती. त्यांना रात्री बोटीतनं बाहेर काढलं. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत, तिथं पाणी नव्हतं, म्हणून सगळी वरात आमच्या दोन खोल्यांत. बाहेर हायवे बंद, पेट्रोल नाही, आणि सगळीकडं पाणी असून नळाला पाणी नाही. २०२१ च्या जुलैत परत तेच. पोरगी तेव्हा सात वर्षांची. दोन्ही वेळा ती रडली नाही, खेळली, खाल्लं, आम्ही म्हटलं लहान आहे, तिला काय कळतंय.

२०२३ च्या मे महिन्यात ती सुट्टीला आमच्याकडं आली. बाहेर ऊन मरणाचं, पंख्याखाली आम्ही दोघं स्विच, म्हणजे हा गेम चालतो ते यंत्र, घेऊन. म्हातारा झाला, गार्डियन झाले, सगळं मजेत. मग आम्ही झोरांच्या मुलखात गेलो. झोरा म्हणजे माशासारखी माणसं, पाण्यात राहणारी. त्यांचा राजपुत्र सायडन, मोठा उत्साही प्राणी, पुलावरून हाक मारतो आणि मदत मागतो. तिथं सतत पाऊस आहे, कड्यावर चढताना हात निसटतात. कारण वरच्या धरणात हत्तीच्या आकाराचं एक प्रचंड यंत्र उभं आहे, वाह रूटा, आणि ते सोंडेतनं अखंड पाणी फेकतंय. पाऊस थांबणार नाही. धरण भरत आलंय. फुटलं तर खालची गावं वाहून जातील.

हे सगळं मी तिला मराठीत रंगवून सांगत होतो. मला कळायला पाहिजे होतं.

तिनं रिमोट खाली ठेवला. "मामा, किती फूट झालंय?"

"कशाचं?"

"पाण्याचं."

कोल्हापूरबाहेरच्यांना सांगतो, पावसाळ्यात आमच्याकडं सकाळी माणूस भेटला की हाच प्रश्न. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी ३९ फुटांला गेली की इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला ५५ च्या वर गेली होती. आमच्या पोरांना पाढे पाठ नसतात, पण हे आकडे असतात. मी हसलो. म्हटलं, अगं गेम आहे हा, याच्यात फूट नसतात. तर तिचा पुढचा प्रश्न, "मग त्यांना कळणार कसं कधी निघायचं ते?" आणि मग, "राधानगरीचे दरवाजे आपोआप उघडतात तसे याचे नाहीत का?"

राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की ते आपसूक उघडतात. झोरांच्या धरणाला तसलं काही नाही. मी परत हसलो. याची मला आजही लाज वाटते.

त्या रात्री ती तिच्या आज्जीजवळ झोपली आणि उशाशी दप्तर भरून ठेवलं. कपडे, कंपास, बिस्किटचा पुडा. सकाळी आईनं दाखवलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताईला फोन केला, तिनं मला झाडला. म्हणाली, "पाऊस जोरात आला की ती चिखलीत पण असंच करते. तुला विचारायचं सुचलं नाही काय?" नव्हतं सुचलं. मी डबा वाचला होता, राक्षस मोजले होते. पावसाचं कुठं लिहिलंय त्याच्यावर?

आठवडाभर स्विच कपाटात. मी काढ म्हटलं नाही, तिनंही नाही. मधल्या काळात आम्ही रंकाळ्याला गेलो, भेळ खाल्ली, आणि तिनं स्वतःहून बोटीतली रात्र सांगितली. दोन वर्षांपूर्वीची नव्हे, पाच वर्षांची असतानाची. बोटीवाल्या काकांची टोपी कसली होती इथपर्यंत. आम्हाला वाटलं होतं तिला काही आठवत नाही. सांगून झाल्यावर तिनं विचारलं, त्या हत्तीचं पुढं काय होतं.

मी खरं ते सांगितलं. पाऊस थांबतो, धरण फुटत नाही, पण आत शिरायला लागतं. आणि सायडनची बहीण, मिफा, त्या हत्तीच्या आत १०० वर्षांपूर्वीच मेलेली आहे, तिचा फक्त आत्मा भेटतो. गावात तिचा पुतळा आहे तो त्यासाठी. शेवट आधी सांगितला की मजा जाते म्हणतात लोक. जाऊ दे की मजा. पोरीला काय होणार हे माहीत असलं तर ती बघायला तयार होती, एवढंच मला पाहिजे होतं.

मग आम्ही केलं ते. विजेचे २० बाण गोळा करायचे असतात, झोरांना विजेचं वावडं म्हणून ते काम आपल्यावर. डोंगरावर एक सिंहासारखा लायनेल फिरत असतो, त्याची नजर चुकवून झाडांत रुतलेले बाण उपसायचे. ते मी केलं. सायडनच्या पाठीवर बसून हत्तीभोवती फिरायचं आणि बाण मारायचे, ते तिनं केलं. चार वेळा मेली. पाचव्या वेळी हत्ती थंड पडला, पाऊस थांबला, आणि ऊन पडलं. ती काही बोलली नाही. उठून पाणी प्यायली.

म्हणून तुम्हाला सांगतो, डब्यावरचा आकडा बघा, पण त्याआधी तुमच्या पोराच्या गेल्या वर्षात काय काय झालंय ते एका कागदावर लिहा. आजोबांचं तुम्ही लिहिलंयच. घर बदललं असेल, कुत्रं गेलं असेल, दवाखाना झाला असेल, तेही लिहा. मग गेम स्वतः खेळून बघा, कुठं काय जुळतंय ते. वेळेची मर्यादा घालायला स्विचचं पालकांसाठीचं ॲप फोनवर येतं, ते चांगलं आहे, पण ते मिनिटं मोजतं, फार तर वयाचा आकडा बघून गेम अडवतं.

भाची आता आमच्याकडं आली की खेळतेच. त्या २० बाणांतले सात उरले आहेत. साधे बाण संपले, समोर गार्डियन उभा असला, तरी ती त्यांना हात लावत नाही. मी एकदा म्हटलं, मार की तो विजेचा डोळ्यावर, थबकेल जरा. म्हणाली, "ते राहू देत. हत्ती परत चिडला तर?"